जुनी डिझेल जीप: नवी बॅटरीही उतरते, अल्टरनेटर बदलावा का?

निफाडकर:
सर्वांना नमस्कार. माझ्या जुन्या डिझेल जीपची बॅटरी वारंवार उतरते. नवी बसवली, तरी सकाळी सेल्फ जडच फिरतो. मल्टिमीटरवर रात्रभर उभ्या गाडीत १२.२ व्होल्ट, आयडलिंगला १२.१ आणि हेडलाइट लावल्यावर ११.८ दिसतात. मात्र महामार्गावरून आल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी मोजले, तर आयडलिंगलाही १४.१ मिळतात. एरवी गाडी मळा ते घर एवढीच, तीही सावकाश चालते. फॅन बेल्ट घट्ट आहे, टर्मिनल साफ आहेत. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा कधीही लागत नाही, त्यामुळे चार्जिंगमध्ये दोष नसावा असे मी धरून चाललो आहे. मेकॅनिक मात्र अल्टरनेटर बदलायला सांगतात. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

वायरमन सांगली:
पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२.२ म्हणजे ती जेमतेम निम्मी भरलेली आहे. अल्टरनेटर चार्ज करीत असताना, म्हणजे १४ च्या वर आकडा असताना, हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या जाड वायरचे टोक आणि बॅटरीचा प्लस यांच्यामध्ये मीटर लावा. नंतर अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्येही लावा. दोन्हींपैकी कुठेही साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर वायर किंवा अर्थिंग खराब आहे. एक विनंती: चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘तपासण्याची’ पद्धत कृपया वापरू नका, कारण त्या क्षणी व्होल्टेज उसळून डायोड जळू शकतात.

प्रवासी_६१:
मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या लाल दिव्यातच आहे. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो लागलाच पाहिजे. अशा जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून थोडा करंट अल्टरनेटरच्या बारीक वायरने रोटरपर्यंत (आतल्या फिरत्या भागापर्यंत) जातो आणि त्यातून सुरुवातीचे चुंबकत्व निर्माण होते. दिवा उडालेला असेल, तर रोटरमधील उरल्यासुरल्या चुंबकत्वावर अल्टरनेटर फक्त जास्त आरपीएमला जागा होतो, आणि एकदा जागा झाला की इंजिन बंद होईपर्यंत आयडलिंगलाही चार्ज करतो. मळ्यापर्यंतच्या सावकाश फेरीत तेवढे आरपीएम मिळत नाहीत. आपली दोन्ही मापे या एकाच कारणाशी जुळतात, १४.१ टिकतात, त्याअर्थी डायोड आणि कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) ठीक असण्याचीच शक्यता अधिक.

खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, अल्टरनेटरची फक्त बारीक वायर काढा आणि तिचे टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. जाड वायरला मुळीच हात लावू नका, तिच्यात थेट बॅटरीचा प्लस असतो. दिवा लागला, तर दोष अल्टरनेटरच्या कार्बनमध्ये (रोटरला करंट देणाऱ्या ब्रशमध्ये) किंवा कटआउटमध्ये शोधावा; लागला नाही, तर बल्ब, त्याचा फ्यूज किंवा ती वायर पाहावी. (ज्या नव्या गाड्यांत चार्जिंगचे नियंत्रण ईसीयूकडे (इंजिनच्या संगणकाकडे) असते, तिथे ही चाचणी करू नये.)

निफाडकर:
आपण सांगितल्याप्रमाणे वायर टेकवली, दिवा लागला नाही. डॅशबोर्डवरचे मीटर उघडून पाहिले, तर बल्बची तार तुटलेली होती. दुसऱ्या दिव्याचा बल्ब तात्पुरता तिथे लावला, तेव्हा चावी ऑन करताच लाल दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला आणि आयडलिंगला १३.९ व्होल्ट मिळाले. वायरमन सांगली यांनी सांगितलेली दोन्ही मापे ०.१ च्या आत आहेत. आता कायमचा एलईडी बल्ब बसवावा का, म्हणजे तो पुन्हा उडणार नाही?

प्रवासी_६१:
एलईडी बसवू नका. त्यातून जाणारा करंट इतका कमी असतो की रोटर पुन्हा उपाशी राहील. मूळ बल्ब जितक्या वॅटचा होता, तितक्याच वॅटचा तारेचा बल्ब घ्या.

वायरमन सांगली:
बॅटरी मात्र एकदा बाहेर काढून चार्जरवर कमी करंटने पूर्ण भरून घ्या. बराच काळ अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसत जाते, आणि मळ्याच्या छोट्या फेऱ्यांत अल्टरनेटर ती उणीव भरून काढू शकत नाही. भरल्यावर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. आकडा १२.४ च्या खाली आला, तर बॅटरी वॉरंटीत दाखवावी. १२.६ टिकला, पण गाडीत बसवल्यावर एका रात्रीत उतरला, तर चावी काढल्यावरही कुठेतरी करंट जातो आहे, असे समजून एकेक फ्यूज काढून तपासावे.