मदत हवी आहे: क्रॉल गेममध्ये पहिल्या रूनआधीच (रून म्हणजे जिंकण्यासाठी गोळा करायच्या वस्तू) अडकलो

मंडळी, डंजन क्रॉल स्टोन सूप (भुयारात मजल्यामागून मजला उतरत जायचा कॉम्प्युटर गेम) कोणी खेळतं का? नागपुरात माझ्या ओळखीत मी आणि एक मित्र, आम्ही दोघंच, आणि दोघंही एकाच जागी अडकलोय. लॅपटॉपवर, ऑफलाइन खेळतो.

माझं पात्र मिनोटॉर बर्सर्कर (बर्सर्क, म्हणजे बेभान होऊन लढणारा योद्धा), त्याचा देव ट्रॉग. लेअर आणि ऑर्किश माइन्स हे भुयाराचे फाटे आरामात साफ होतात, पण स्पायडर्स नेस्ट या कोळ्यांच्या फाट्यात तीनदा मेलो. कालचंच सांगतो. मोकळ्या जागेत रेडबॅक (विषारी कोळी) अंगावर आले, बर्सर्क झालो, दोन मारले. बर्सर्क असताना औषध पिता येत नाही की स्क्रोल वाचता येत नाही. तो जोर उतरला तेव्हा चाल मंदावलेली, विष चढलेलं, एचपी (उरलेला जीव) ११. तिथंच खेळ संपला.

खेळ मला मनापासून आवडतो, कारण मरण बहुतेक वेळा आपल्याच चुकीनं येतं. पण मधल्या टप्प्यात आधी कुठं जायचं, हे तो नीट सांगत नाही.

जिन्यावर उभं राहून लढलो, ट्रॉग्स हँडही (जखमा लवकर भरणारी ट्रॉगची मदत) वापरलं. विषाला प्रतिकार देणारी वस्तू मिळालेली नाही. ट्रॉगला मंत्र चालत नाहीत, आणि देव मला बदलायचा नाही.

अशा वेळी आधी नेस्टच करावं, की मुख्य डंजनचे १५ मजले संपवून मग परत यावं?