आंबा घाटातील रस्तासुधारणा : निवेदनात रुंदीकरणच मागावे की आणखी काही?

प्रश्नकर्ता : मालवाहतूकदार, गोकुळ शिरगाव

नमस्कार. माझ्या सात गाड्या असून त्यांपैकी चार बाराही महिने रत्नागिरी मार्गावर असतात. जाताना फौंड्रीतील कास्टिंग किंवा साखर, येताना बहुतेक वेळा जांभ्याचा (तांबड्या, सच्छिद्र दगडाचा) चिरा, असा आमचा धंदा आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणाची कामे याच मार्गावरील आंबा घाटाच्या अलीकडे-पलीकडे हाती घेतली गेल्यापासून एक काळजी वाटते. मोकळ्या चौपदरी रस्त्यावरून वेगाने आलेली वाहने घाटाच्या तोंडाशी एकदम अडतील आणि आज जी कोंडी अधूनमधून होते, ती रोजची होईल.

आमच्या भागातील वाहतूकदारांनी घाटातील सुधारणेसाठी एकत्र निवेदन देण्याचे ठरवले आहे आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बैठकीत जवळजवळ सर्वांची मागणी एकच होती : संपूर्ण घाट रुंद करावा. मला ही मागणी अपुरी वाटते, परंतु ती का अपुरी आहे हे मला नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. नियोजनाच्या वेळी काय तपासले जावे आणि कोणत्या क्रमाने, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त स्थापत्य अभियंता, कोल्हापूर

आपली शंका योग्य आहे. घाटात रुंदी मागणे म्हणजे डोंगर कापण्याची मागणी करणे होय, आणि आपल्याकडील डोंगर कापला की काय होते हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, थरावर थर बसून तयार झाला आहे. या थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या, मऊ मातीसारखा पट्टा असतो आणि माथ्यावर जांभा असतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून मुरते, खाली तांबड्या पट्ट्याशी अडते आणि डोंगराच्या कापलेल्या बाजूने वाट काढते. तो पट्टा भिजून निसटला की वरचा कातळ कितीही टणक असला तरी खाली येतो. म्हणून रुंदीकरणाच्या आधी प्रत्येक कापणीच्या जागी भूवैज्ञानिक पाहणी झाली पाहिजे, आणि तिच्यावरून कोठे जाळी, कोठे खडकात रोवलेले बोल्ट, कोठे संरक्षक भिंत आणि कोठे डोंगराला हातच लावायचा नाही, हे ठरले पाहिजे.

माझ्या मते निवेदनातील पहिला मुद्दा पाण्याचा असावा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दरड डोंगराच्या बाजूने येते, पण रस्ता खचतो तो दरीच्या बाजूने, कारण तो भाग भरावावर असतो. कापणीच्या वर पाणी अडवून बाजूला नेणारा चर, रस्त्याकडेचे पक्के गटार, रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या पुरेशा मापाच्या मोऱ्या आणि मोरीतून दरीत पडणाऱ्या पाण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा दगडी उतार, ही साखळी पूर्ण असावी लागते. यातील शेवटची कडी खर्च वाचवण्यासाठी बहुधा गाळली जाते. मग मोरीचे पाणी भरावाचा पायथा पोखरते आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर कठड्यासह कडा नाहीशी होते.

त्यानंतर वळणे. तीव्र नागमोडी वळणांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मानके स्पष्ट आहेत : आतील कडेची किमान त्रिज्या १४ मीटर, वळणावरील चढ जास्तीत जास्त ४० मीटरला १ मीटर, दुपदरी राष्ट्रीय महामार्गावर वळणाच्या माथ्याशी किमान ११.५ मीटर रुंदी आणि लागोपाठच्या दोन वळणांमध्ये किमान ६० मीटर अंतर. लांब ट्रेलर वळताना त्याची मागील चाके पुढच्या चाकांच्या बरीच आतून जातात. त्यामुळे चालकाला समोरची मार्गिका व्यापूनच वळावे लागते आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते. अशी मोजकी वळणे मानकाप्रमाणे झाली, तर मधला सरळ रस्ता आहे त्या रुंदीचा राहूनही कोंडी बरीच सुटेल. चढाच्या लांब टप्प्यांवर भरलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका अवश्य मागावी, मात्र ती चढ सुरू होण्याच्या अलीकडून निघून चढ संपल्यावर थोडी पुढेपर्यंत जाणारी असावी. ऐन चढावर संपणारी मार्गिका ओव्हरटेकच्या अपघातांना आमंत्रण देते.

रस्त्याच्या थराविषयी एक गोष्ट वाहतूकदारांना कदाचित रुचणार नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी ॲक्सलची (चाके जोडणाऱ्या आसाची) भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. ॲक्सलवरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे वजन आठव्या हिश्श्याने वाढले, तर झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, आणि हे सर्व कायदेशीर मर्यादेत राहून. नियोजनात केवळ वाहने मोजून भागणार नाही, ॲक्सलचे प्रत्यक्ष वजनही घेतले पाहिजे. मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास आणि वर्षातून किमान दोनदा करावी, त्यातली एक सुगीच्या दिवसांतली असावी, असे मानक आहे. आपल्याकडे सुगी म्हणजे गळीत हंगाम. ऐन पावसाळ्यात मोजून रस्ता मोकळा असतो असा निष्कर्ष काढला गेला, तर त्यावर हरकत नोंदवावी.

उत्तर २ : माजी ट्रकचालक, शिरोली पुलाची

अभियंता साहेबांनी चढाचे सांगितले, मी उताराचे सांगतो, कारण जीव जातो तो उतारावर. आंब्याहून साखरप्याकडे भरलेली गाडी उतरवताना ज्या गिअरमध्ये ती चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, हे आम्हाला जुन्या उस्तादांनी शिकवले. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारे आणि सतत ब्रेकवर पाय ठेवणारे अर्ध्या घाटात ब्रेकचे लायनर तापवून बसतात. मग पेडल दाबले तरी गाडी थांबत नाही.

म्हणून दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, घाटमाथ्यावर उताराच्या आधी ट्रक उभे करण्याची प्रशस्त जागा, जेथे चालक हवेचा दाब आणि चाकांची उष्णता पाहू शकेल. दुसरी, ब्रेक निकामी झालेल्या गाडीला शिरता येईल असा सैल, गोल खडीने भरलेला चढता फाटा. तो उतरणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला आणि अवघड वळणाच्या अलीकडे असावा, आणि त्याची खडी वेळोवेळी उकरली जावी, नाहीतर ती घट्ट बसून दगडी रस्त्यासारखी होते. तेथे चहाची टपरी उभी राहणार नाही, याचीही हमी घ्यावी लागेल.

फलकांविषयीही लिहावे. ‘अति घाई, संकटात नेई’ वाचून कोणी वेग कमी केल्याचे मला आठवत नाही. उतार अजून किती किलोमीटर आहे आणि पुढे किती वळणे आहेत, एवढे मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लिहिले तर परप्रांतातील चालकाला उपयोग होईल. पावसाळ्यात धुके एवढे दाट असते की कडेची पांढरी रेघ आणि रिफ्लेक्टर हाच आमचा रस्ता असतो.

उत्तर ३ : रहिवासी, मलकापूर, ता. शाहूवाडी

दोन मुद्दे जोडतो. घाट कितीही उत्तम झाला, तरी पंचगंगेच्या पुरात रेडेडोह या सखल जागेचे पाणी केर्लीजवळ रस्त्यावर आले की कोल्हापूर–रत्नागिरी वाहतूक थांबते. घाटाचा विचार करताना त्या सखल भागातील रस्त्याची उंची आणि पाणी वाहून जाण्यासाठी पुरेशा कमानी यांचाही उल्लेख व्हावा. नुसता भराव टाकून रस्ता उंच केला, तर चिखली-आंबेवाडीच्या लोकांच्या घरात पाणी तुंबेल आणि त्यांचा विरोध रास्त ठरेल.

दुसरे, आंबा-विशाळगडचे जंगल हे चांदोली आणि राधानगरी यांना जोडणारा वन्यजीवांचा मार्ग आहे. येथे गवे रस्ता ओलांडतात. वनजमिनीच्या परवानगीला तत्त्वतः आणि अंतिम असे दोन टप्पे असतात, त्यामुळे डोंगर जितका अधिक कापायचा तितका काळ कागदपत्रांत अधिक जाणार. प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट ठेवण्याची मागणी वाहतूकदारांकडूनच आली, तर तिला वेगळे वजन येईल. रात्री गव्याला धडकलेल्या गाडीचेही नुकसानच होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मसुद्याचा क्रम मी आता पाणी, वळणे, उतारावरील सुरक्षितता आणि शेवटी निवडक ठिकाणी रुंदी असा बदलला आहे. एक प्रश्न उरतो. करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये कामासाठी बंद झाला आणि वर्षभराहून अधिक काळ आम्हाला फोंडा घाटाने फिरावे लागले. येथेही तसेच झाले तर लहान वाहतूकदार टिकणार नाहीत. घाट पूर्ण बंद न करता हे काम होऊ शकते का?

उत्तर १ : निवृत्त स्थापत्य अभियंता

काही प्रमाणात होऊ शकते. मोऱ्या, गटारे आणि वळणे ही कामे अर्धा रस्ता चालू ठेवून टप्प्याटप्प्याने करता येतात. सलग काँक्रीटीकरण ठरले तर अडचण येते, कारण काँक्रीट टाकल्यावर ते पुरेसे पक्के होईपर्यंत त्या मार्गिकेवरून अवजड वाहन नेता येत नाही, आणि अरुंद घाटात उरलेली मार्गिका दोन्ही दिशांना पुरत नाही. डोंगरकापणीच्या दिवसांत तर ठरावीक तास वाहतूक बंद ठेवावीच लागते. ते तास आधी जाहीर करावेत आणि शक्यतो रोज तेच ठेवावेत, म्हणजे मासळीच्या आणि आंब्याच्या गाड्यांना वेळ जुळवता येईल.

निवेदनात दोन अटी स्वतंत्रपणे लिहाव्यात. करूळ, फोंडा, अणुस्कुरा आणि आंबा यांपैकी दोन घाट एकाच वेळी कामासाठी बंद ठेवू नयेत. तसेच पर्यायी मार्गाची वळणे आणि मोऱ्या आधी दुरुस्त केल्याशिवाय अवजड वाहतूक तिकडे वळवू नये. या दुरुस्तीचा खर्च मूळ प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा, अन्यथा तो कोणी करायचा यावर पहिला पावसाळा निघून जाईल. आपल्या चारही गाड्यांच्या मागील वर्षभराच्या फेऱ्या, वजनपावत्या आणि घाटात अडकलेले तास तारखेनिशी जोडता आले तर तेही जोडावेत.