मदत हवी आहे: मसाल्यासाठी फक्त पॉलिथिनचं पाऊच कुणी वापरलंय का?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचा मालवणी मसाल्याचा छोटा कारखाना आहे. सध्याचं 200 ग्रॅमचं पाऊच पॉलिएस्टर, मेटलाइज्ड फिल्म (धातूचा पातळ मुलामा दिलेली) आणि पॉलिथिन असं तीन थरांचं. हे थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला हातही लावत नाही. तेच मला खटकतं.

साधं कागदी पाऊच करून पाहिलं. पावसाळ्यात मसाल्याचा वास उडाला, गुठळ्या झाल्या. काचेच्या बरण्या कुरिअरमध्ये फुटतात.

आता ईव्हीओएचचा (हवा आणि वास अडवणारं प्लास्टिक) पातळ थर असलेलं पॉलिथिनचं पाऊच घ्यायचं म्हणते; जवळजवळ सगळं एकाच प्लास्टिकचं, म्हणजे भंगारात जायची शक्यता जास्त. मसाला सहा महिने टिकायलाच हवा, सीलिंग मशीन जुनंच राहील, महिन्याला 3000 पाऊच लागतात. यात पॉलिएस्टरऐवजी बाहेरचा थरही पॉलिथिनचाच, म्हणून सील करताना तोही वितळतो, तेव्हा तुम्ही सीलिंगचं तापमान किती ठेवता? आणि एवढी छोटी ऑर्डर घेणारे छपाईवाले कोल्हापूरकडे कुणी आहेत का?