अनुभव धागा: तुमच्या गावचा डोंगर आणि तुमचे जोडलेले हात

केळीचं_पान

आज सकाळी पाऊस उघडला आणि आठवड्याने गॅलरीतून सिंहगड दिसला, टॉवरसकट. हातात दुधाची पिशवी होती. ती कठड्यावर ठेवून मी चक्क हात जोडले. नवरा म्हणाला, "कोण आलं खाली?"

कोणी नव्हतं आलं. मोठी माय आठवली होती.

माहेर यावल तालुक्यातलं. वाड्याच्या मागच्या ओट्यावरून केळीच्या शेंड्यांच्या वर सातपुडा दिसतो, आडवा, निळा. मोठी माय पहाटे तिथे भांडी घासायची. उजाडलं की कामातून मान वर करायची आणि उत्तरेकडे हात जोडायची. सूर्य एका बाजूला, ही भलतीकडेच! हात राखेने माखलेले असायचे म्हणून तळवे न जोडता नुसती मनगटं एकमेकांना टेकवायची, काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा पातेलं. मला वाटायचं मनुदेवीला करते, कारण मनुदेवी तिकडेच, आडगावच्या पुढे, धबधब्याजवळ. आमची कुलदेवता. माझं जावळ तिथलंच. एकदा विचारलं तर म्हणाली, "देवीले देवीच्या दारात करते. हा डोंगराले."

तेव्हा हसले होते. आज पिशवी कठड्यावरून खाली पडली, ते वेगळं.

तुमच्याकडे असं आहे का? देवळाबद्दल नको, डोंगराबद्दल लिहा. खान्देशातलं असेल तर फारच छान.

---

जिभाऊ_धुळेकर

भारी लिखं ताई. मन्ही माय बी आशीच करे, लळिंगकडे तोंड करीसन.

आता माझा अस्तंबा. धनत्रयोदशीला निघालो, तळोद्याहून पुढे पायी. तेव्हा सगळा धुळे जिल्हाच होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८ ला. डोंगर सव्वातेराशे मीटर. रात्री चढायचं, बॅटऱ्यांची रांग खालून वरपर्यंत, मध्येच कोणीतरी "अस्तंबा ऋषी महाराज की..." म्हणणार आणि अख्खा डोंगर "जय" म्हणणार. सगळ्यांना माहीतच आहे, अश्वत्थामा तिथे फिरतो, कपाळावरच्या जखमेला तेल मागतो आणि चुकलेल्याला वाट दाखवतो. आईने मला तेलाची बाटली बांधून दिली होती. खोबरेल.

आम्ही चौघं चुकलो. झाडी, काळोख, सेल संपत आलेले. समोर एक उंच म्हातारा उभा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. आमच्यातला एक जागीच खाली बसला. मी थरथरत बाटली पुढे केली. म्हातारा बघतो बाटलीकडे, बघतो माझ्याकडे, आणि म्हणतो, "तंबाखू शे का?"

तंबाखू दिली. त्याने काठीने वाट दाखवली. सरळ गेलो तर पाच मिनिटांत लोक भेटले. वर पोचल्यावर मित्र म्हणाला, इतक्या हजार वर्षांत तेलाचा कंटाळा येणारच की माणसाला.

हसतो आम्ही अजून. पण त्या म्हाताऱ्याला मी वाकून नमस्कार केला होता आणि ते हसण्यासारखं तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं.

---

बोरीकाठची

तेलाचा कंटाळा 😂😂 ऑफिसात फुटले

---

पायी_वारी

कुकर लावलाय, शिट्ट्या होईतो लिहिते.

वणी. चैत्रात. पारोळ्याहून पायी, तीन वेळा. दुपारी झाडाखाली पडायचं, रात्री चालायचं. डांबर रात्रीही गरम असतं हो. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी तळपायाचे फोड फुटले, सासूबाईंनी सुईदोरा ओवून फोडातून दोरा तसाच ठेवला, पाणी निघून जातं म्हणे. (डॉक्टर मंडळींनी ओरडू नये.) नांदुरीला पोचलो आणि गड समोर उभा दिसला तेव्हा बायका रडायलाच लागल्या. देवी दिसायची होती अजून! पण कोणी थांबेचना. सासूबाई म्हणाल्या, दिसली ना ती, अजून काय दिसायचं.

देवीची मान जराशी कलती आहे बघा. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती सांगतात आणि ती कान देऊन ऐकते. म्हणजे एक डोंगर बोलतो, एक ऐकतो. मला हे फार आवडतं. आमच्या घरात दोन्ही डोंगर बोलतात.

शिट्टी झाली

---

नकाशेवाला

छान धागा. बारीकशी दुरुस्ती: सप्तशृंगगड कळवण तालुक्यात, जिल्हा नाशिक. खान्देश नाही.

---

पायी_वारी

दादा, देवीचं माहेर खान्देश आहे. चैत्राची यात्रा माहेरच्यांची. माहेर तालुक्यावर ठरत नाही.

---

नकाशेवाला

माघार 🙏 आता ट्रॉली झालीय ना तिथे, २०१८ पासून? पायऱ्यांचा त्रास वाचला.

---

पायी_वारी

आईला ट्रॉलीनेच नेलं. वर गेल्यावर म्हणाली, "इतक्या लवकर आली मी, तिला खरं वाटंल का?"

---

जिभाऊ_धुळेकर

सप्तशृंगीच्या कीर्तिध्वजाचं कोणी लिहा रे. दरेगावचे गवळी रात्री एकटे शिखरावर चढतात आणि झेंडा लावतात. धड वाट नाही वर. सकाळी खालून बघायचं, फडफडतोय. मी दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा पोटात गोळा.

---

पिंपळनेरचा_मास्तर

मी कोकणा आदिवासी आहे, साक्री तालुक्यातला. आमचा डोंगऱ्यादेव. मार्गशीर्षात गावातले पुरुष व्रत धरून माऊल्या होतात. चप्पल नाही, खाट नाही, जेवण वेगळं, पौर्णिमेला गडावर रात्र. भोपळ्याची पावरी वाजायला लागली की थंडी कुठल्या कुठे जाते. आमचे वडील दिवसभर वीटभट्टीवर राबणारे, खोकणारे. पण त्या रात्री असे नाचायचे की मला ओळखू यायचे नाहीत.

शाळेत एकदा वरिष्ठ आले होते तपासणीला. पोरांना विचारलं, डोंगऱ्यादेवाचं देऊळ कुठे आहे? एकही हात वर नाही. साहेब म्हणाले, बघा, यांना आपल्या देवाचीही माहिती नाही. मागच्या बाकावरच्या पोरीने खिडकीकडे बोट केलं. साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "कुठंय? मला तर काही दिसत नाही."

याहा मोगी मातेचंही, सातपुड्यातल्या आदिवासींच्या देवीचं, लिहायला हवं. मूळ ठाण डाब, अक्कलकुवा तालुक्यात. जत्रा महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला, गुजरातच्या हद्दीत. सातपुड्यातल्या कोणी लिहिलं तर बरं, मी सांगोवांगी नको.

---

केळीचं_पान

मास्तर, त्या खिडकीवर अडकले आहे मी.

---

शेवभाजी_प्रेमी

धागा छान. अवांतर: पाटणादेवीला रविवारी गेलो होतो, परत येताना चाळीसगावात शेवभाजी खाल्ली, रस्सा नुसताच लाल, तिखटाचा पत्ता नाही. हॉटेलचं नाव घेत नाही.

---

शून्य_ते_नऊ

पाटणादेवीला जाऊन शेवभाजीच सांगता? 😀

मी गणिताचा, आता निवृत्त. दरवर्षी नववीची पोरं न्यायचो. पाटणच्या शिलालेखात, शके ११२८, नोंद आहे: भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. तो लेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. पोरांना मी हे सांगायचो आणि पोरं माकडं बघायची. तीन बाजूंनी डोंगर, मध्ये चंडिकेचं देऊळ. चपला काढून उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो, चाळीस पोरांचासुद्धा. मी देव न मानणारा. तरी देवळाकडे पाठ करून डोंगराकडे बघत बसायचो. एका पोराने विचारलं, "सर, तुम्ही पण पाया पडताय का?" म्हटलं, मोजतोय. काय मोजत होतो त्याने विचारलं नाही, नशीब.

---

मांगीतुंगी_फॅन

आम्ही जैन. मांगी-तुंगीवरून राम, हनुमान आणि ९९ कोटी मुनी मोक्षाला गेले असं आम्ही मानतो. २०१६ ला १०८ फुटी ऋषभदेव झाले, आता सगळे तेच बघायला येतात. आजोबा मात्र पायथ्याशी आधी डोंगराचा दगड कपाळाला लावायचे. बाकी नंतर. (नकाशेवाले, बागलाण पूर्वी खान्देशातच होतं, घाई नको.)

---

नकाशेवाला

काही बोललो का मी 😭

---

मुरूम

नाव बघून समजलंच असेल. आमच्या गावाबाहेर म्हसोबाची टेकडी होती. टेकडी कसली, मोठं ढेकूळ. गुराखी पोरं, बिनफांद्यांचा एक निंब, शेंदरी दगड. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागला, दोन पोकलेन, सव्वा महिन्यात सपाट. दगडाला ठेकेदाराने रस्त्याकडेला सिमेंटचा ओटा बांधून दिला, वर टाइल्स. नारळ फोडून, फोटो काढून, सगळं रीतसर.

नाना रोज संध्याकाळी बैल घेऊन परतताना तिथे थांबतात. ओटा डाव्या हाताला. नाना उजवीकडे बघून हात जोडतात, जिथे आता खड्डा आहे आणि पावसाळ्यात म्हशी बसतात. बैलसुद्धा आपोआप थांबतात. मी म्हटलं, नाना, देव इकडे आणलाय. तर म्हणे, "दगड आणला."

जास्त नाही लिहित. चार्जिंग ४ टक्के.

---

बोरीकाठची

😔

---

पायी_वारी

मुरूम दादा, नानांना नमस्कार सांगा.

---

जिभाऊ_धुळेकर

आपल्याकडे माणूस डोंगराला "तो" म्हणतो बघा. "आज तो दिसेना", "त्याच्यावर ढग शेत". आमच्या शेजारी तर म्हणतात, तो रुसला. नवऱ्याबद्दलही असंच बोलतात म्हणा.

---

केळीचं_पान

आत्ता आईला फोन केला. म्हटलं, मोठी माय पुटपुटायची काय? मला वाटत होतं एखादा श्लोक असेल.

आई हसली. म्हणाली, "श्लोक कशाचा, तिला कुठे येत होता. 'दिसला माय' म्हणायची. धुळीच्या दिवसांत नाही दिसला तर दिवसभर चिडचिड करायची, आमचं मरण."

---

पिंपळनेरचा_मास्तर

🙏

---

शेवभाजी_प्रेमी

ताई, यावलच्या आहात तर भरताची वांगी पुण्यात कुठे मिळतात ते सांगा. इथली नुसती पाणी सोडतात.

---

केळीचं_पान

मिळत नाहीत. भाऊ बसने पाठवतो, काड्या लावून भाजायची ती. गॅसवर भाजणार असाल तर मागू नका.