रेघेची जागा आणि छटेची निवड
डोळ्यांचा मेकअप नैसर्गिक दिसावा म्हणून काळ्याऐवजी तपकिरी आय-पेन्सिल वापरण्याचा सल्ला दिला जातो, तो योग्यच आहे. मात्र रंग बदलूनही डोळे रंगवल्यासारखे दिसत असतील, तर दोष बहुधा रेघेच्या जागेत असतो. पापणीवर सलग रेघ ओढण्याऐवजी, आरसा हनुवटीच्या खाली धरून, टोकदार पेन्सिलने वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी बारीक ठिपके द्यावेत आणि कापसाच्या काडीने ते हलकेच पुसट करावेत, म्हणजे रेघ जाणवत नाही, केस तेवढे दाट भासतात. केसांच्या आतल्या ओलसर कडेवर मात्र पेन्सिल फिरवू नये, कारण तेथे तैलग्रंथींची तोंडे असतात; लेन्स वापरणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

आयशॅडोच्या बाबतीत माझे मत थोडे आग्रही आहे. 'न्यूड', म्हणजे त्वचेच्या रंगाशी मिळत्या, म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फिकट छटा गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर राखाडी, आजारी दिसतात. त्यापेक्षा स्वतःच्या त्वचेहून एक-दोन छटा गडद, किंचित विटकरी झाक असलेली मॅट (बिनचमकीची) आयशॅडो निवडावी आणि डोळा उघडा ठेवून, समोर पाहत, ती पापणीच्या खोबणीत मऊ ब्रशने पसरवावी; डोळा मिटून लावल्यास रंग कुठवर दिसेल याचा अंदाज चुकतो.

मस्काऱ्याचा एकच हात पुरे, तोही ब्रशवरचा जादा भाग टिश्यूवर पुसून. उघडलेली बाटली साधारण तीन महिन्यांनी बदलावी.