मदत हवी आहे : एकाच घरात प्रत्यारोपणाची आणि आमवाताची औषधे, गावी राहून काळजी कशी घ्यावी?

नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण मुंबईत झाले असून वडिलांनी दिलेले मूत्रपिंड उत्तम काम करीत आहे. त्याला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे कायमची आहेत. आईला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. ती आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध आणि त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड घेते. आम्ही सिंधुदुर्गात तालुक्याच्या गावी राहतो. दोघांचेही तज्ज्ञ डॉक्टर दूर आहेत आणि ताप-खोकल्याला गावातल्याच दवाखान्यात जावे लागते. माझी खरी काळजी तिथूनच सुरू होते.

या पावसाळ्यात भावाला खोकला झाला तेव्हा गावातील डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. गोळी देण्याआधी मी मुंबईला फोन केला, म्हणून ते बदलून मिळाले. टॅक्रोलिमसचे विघटन करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) हे प्रतिजैविक रोखते, त्यामुळे रक्तातील पातळी काही दिवसांतच वाढते आणि ज्या मूत्रपिंडाला जपायचे त्यालाच इजा होते, असे तिथे समजावून सांगण्यात आले. बुरशीवरचे फ्लुकोनॅझोलही तसेच वागते. उलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरचे फेनिटॉइन ही पातळी खाली आणते आणि शरीर मूत्रपिंड नाकारण्याचा धोका उभा राहतो. गावातील डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. असे रुग्ण त्यांच्याकडे क्वचितच येतात. परंतु त्यांच्या हाती देण्याजोगा एखादा कागद कोणी तयार केला आहे का?

दुसरा प्रश्न आईचा आहे. ताप आला तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्झेटची गोळी द्यावी की थांबवावी? शिवाय तिचे सांधे अजून सुजतात म्हणून डॉक्टरांनी अडालिमुमॅब हे इंजेक्शन सुचवले आहे आणि त्याआधी क्षयरोगाची तपासणी करण्यास सांगितले आहे. तिला खोकला नाही, वजनही घटलेले नाही. मग ही तपासणी कशासाठी?

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. चतुर्थीच्या माटवीला (गणपतीच्या वर बांधतात त्या सजावटीला) पपनस असतेच आणि नंतर ते घरात सोलले जाते. ते भावाला चालेल का? नातेवाईक प्रेमाने गुळवेलीचा काढा आणून देतात, त्यांना नाही कसे म्हणावे हेही कळत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. तुम्ही फोन करून विचारलेत ते फार योग्य केलेत. दोघांच्या औषधांचे नियम वेगळे आहेत, ही गोष्ट सर्वप्रथम घरातील प्रत्येकाला समजायला हवी. प्रतिजैविक घ्यावे लागेल असा संसर्ग झाला तर मेथोट्रेक्झेट बरे होईपर्यंत सहसा थांबवले जाते, अर्थात डॉक्टरांना विचारून. भावाची औषधे मात्र तापातही स्वतःहून कधीच बंद करायची नाहीत. उलट्या किंवा जुलाब झाल्यास त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते.

प्रत्यारोपणानंतर फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून संरक्षण म्हणून को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देतात. तुमच्याकडे त्याची पाकिटे उरलेली असतील तर ती आईपासून दूर ठेवा. मेथोट्रेक्झेटसोबत ते घेतल्यास अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. त्याचप्रमाणे आईची सांधेदुखीवरची डायक्लोफेनॅक भावाने घेऊ नये; टॅक्रोलिमसच्या जोडीला ती मूत्रपिंडाला घातक ठरते. दोघांचे डबे वेगळ्या कपाटांत ठेवा. मेथोट्रेक्झेटचा वार पाकिटावर ठळक लिहा, कारण साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत.

क्षयरोगाची तपासणी अजिबात टाळू नका. आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना पेशींच्या गाठीत कोंडून ठेवते. ती गाठ टिकवण्यासाठी टीएनएफ हा प्रतिकारशक्तीचा घटक लागतो आणि अडालिमुमॅब नेमके त्यालाच अडवते. म्हणून छातीचा एक्स-रे, मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी आधी करतात. निद्रिस्त क्षय आढळला तर त्याचे औषध निदान महिनाभर आधी सुरू करतात. ते आयसोनियाझिड असेल तर मेथोट्रेक्झेटप्रमाणेच त्याचाही यकृतावर भार पडतो, तेव्हा यकृताच्या तपासण्या चुकवू नका.

पपनस भावाने खाऊ नये. ग्रेपफ्रूटप्रमाणे तेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवते. गुळवेलीबाबत म्हणाल, तर 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी, ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे त्यांना ती वाढवण्यासाठी काढा देणे मला मुळीच योग्य वाटत नाही. नातेवाइकांना हेच कारण स्पष्टपणे सांगा. बहुतेकांना ते पटते.

प्रतिसाद २

माझेही प्रत्यारोपण झालेले आहे. कागदाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. मी एका जाड कार्डावर औषधांची नावे, मात्रा आणि केंद्राचा दूरध्वनी लिहिला असून खाली ‘कोणतेही नवे औषध देण्यापूर्वी येथे विचारावे’ असे लिहिले आहे. गावातील डॉक्टरांना ते आवडतेच, त्यांचीही जबाबदारी हलकी होते. टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी, म्हणजे आधीच्या मात्रेला 12 तास झालेले असतात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची टॅक्रोलिमस दिली तर केंद्राला विचारल्याशिवाय सुरू करू नये. फ्लूची टोचून घ्यायची लस दरवर्षी घेता येते, परंतु जिवंत विषाणूंच्या लसी भावाला चालत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कार्ड आजच तयार करते. को-ट्रायमॉक्साझोलचे एक पाकीट खरोखरच सामाईक डब्यात होते, ते वेगळे केले. आता एकच विचारायचे राहिले. टॅक्रोलिमसची पातळी गोव्यात किंवा कोल्हापुरात खात्रीने कोठे तपासून मिळते? दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी व्हावी असे केंद्राचे म्हणणे आहे, कारण चाचणीची पद्धत बदलली की आकडेही बदलतात. या भागातील कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.