भाज्यांची प्युरी वेगळी द्यावी की खिमटातच घालावी?

मूळ मत
बाळाला सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झाले की आपल्या घरांत वरणाचे पाणी, पेज आणि खिमट हा क्रम ठरलेला असतो. भाजी त्यात नावापुरती असते. लाल भोपळा, दुधी, गाजर, फरसबी या भाज्या घरी वाफवून, पुरणयंत्रातून काढून, सुरुवातीचे काही आठवडे एकेक करून स्वतंत्रच द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. गोडाची आवड उपजत असते, उग्र किंवा तुरट चवीची मात्र सवय लावावी लागते. एखादी भाजी बाळाने आपलीशी करण्याआधी ती आठ-दहा वेळा पुढे करावी लागू शकते, आणि तीच भातात लपवली तर बाळाची ओळख भाताशी होते, फरसबीशी नाही. शिवाय अंगावर पुरळ उठलेच, तर कशामुळे ते शोधणे सोपे जाते.

पहिला प्रतिसाद
आपला हेतू चांगला आहे, पण या मांडणीत उष्मांकांचा विचारच नाही. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी मिळाव्या लागतात. 100 ग्रॅम दुधीत जेमतेम 15 किलोकॅलरी असतात, म्हणजे केवळ दुधीवर ही गरज भागवायची तर सव्वा किलोहून अधिक दुधी लागेल; आणि सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे 200 मिलीलिटरच मावते. पातळ प्युरीने पोट भरते, पोषण होत नाही, आणि भरल्या पोटी बाळ दूधही कमी पिते. भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या खिमटात तीच भाजी कुस्करून वर चमचाभर तूप घातले, तर नुसत्या तुपातूनच सुमारे 45 किलोकॅलरी मिळतात आणि भोपळ्या-गाजरातील बीटा-कॅरोटीन अंगी लागण्यासाठी हवा असलेला स्निग्धांशही मिळतो. आपल्या आज्यांनी खिमट कसे करायचे ते उगाच ठरवले नव्हते.

मूळ मताच्या लेखिकेचे उत्तर
खिमटाऐवजी प्युरी द्या, असे मी कुठेही म्हटलेले नाही. खिमट, तूप आणि दूध आपापल्या जागी राहू द्या. भूक चांगली लागलेली असताना त्याआधी दोन-तीन चमचे भाजी द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि तेवढ्याने पोट भरत नाही. उष्मांकांचा हिशेब दिवसभराच्या आहाराला लावावा, चव ओळखण्यासाठी दिलेल्या चमच्यांना नव्हे. चमचा तिरका केला तरी घास ओघळणार नाही इतकी प्युरी दाट हवी, हे मात्र मला मान्य आहे; पातळ पाणीदार प्युरीची बाजू मी घेत नाही.

दुसरा प्रतिसाद
भाजी वेगळी की मिसळलेली, या वादात लोहाचा प्रश्न बाजूला पडतो आहे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फारच थोडे असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते 59 महिन्यांच्या 67.1 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पालकाची प्युरी हा त्यावरचा उपाय नाही, कारण पालकातील लोह शरीरात फार कमी शोषले जाते. अंडे, आणि ज्या घरात चालते तिथे मासे, चिकन किंवा कलेजी नीट शिजवून, बारीक कुस्करून द्यावी. शाकाहारी घरांनी डाळीसोबत लिंबाचे काही थेंब किंवा शिजवलेला टोमॅटो द्यावा आणि लोहाच्या थेंबांविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

तिसरा प्रतिसाद
मी नोकरी करते, म्हणून पहिल्या मताच्या बाजूने आहे: भोपळ्या-गाजराची प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येते, खिमट मात्र दरवेळी ताजे लागते. पालक आणि बीट यांत नायट्रेट अधिक असल्याने त्यांची प्युरी मी साठवत नाही, त्याच दिवशी करून संपवते. मला खरी धास्ती मिक्सरची वाटते. आठव्या महिन्यापासून मऊ गुठळ्या राहतील असे काट्याने कुस्करलेले अन्न द्यायला हवे, कारण नऊ-दहा महिन्यांनंतरही सगळे गुळगुळीतच मिळत राहिले, तर पुढे चावून खाण्याला नकार देणारी मुले अधिक आढळतात. आणि ती चूक प्युरीवाल्यांइतकीच, खिमट गाळून भरवणाऱ्या घरांतही होते.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर
गुठळ्यांविषयी पूर्ण सहमत. दोन-तीन चमच्यांची मर्यादा पाळली जाते, यावर मात्र माझा विश्वास नाही. वाटीभर रंगीत प्युरी संपली की घरच्यांना बाळ जेवले असेच वाटते, आणि खिमटाची वाटी तशीच राहते.